फूल पडायच्या आधीचे अठरा तास

चिमूरकडे कोणाच्या बुबुळावर पांढरा डाग दिसला की लोक म्हणतात, ‘डोऱ्यात फूल पडला.’ झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून डोळ्याचा डोरा. फूल हा शब्द मात्र एकट्या झाडीपट्टीचा नाही. मराठी बोलणाऱ्या कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्या माणसाला तो कळतो. इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव का मिळालं असावं, याचं मला लहानपणी कोडं वाटायचं. आमच्या आळीत फूल पडलेली तीन-चार माणसं तरी होती. एका आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. एका काकांच्या डोळ्याला बैलाच्या शेपटीचा फटका बसला होता. एका बाईला काय झालं होतं ते तिलाही सांगता यायचं नाही; ‘काहीतरी गेलं होतं’, एवढंच.

बाहेरच्या माणसाला फूल आणि मोतीबिंदू एकच वाटतात. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, भिंगात होतो. भिंग काढून दुसरं बसवलं की माणूस दुसऱ्या दिवशी बघायला लागतो. फूल पडतं ते डोळ्याच्या अगदी समोरच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर. तो जखमेचा वण असतो आणि औषधाने जात नाही. देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाचं जे राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमध्ये ६६.२ टक्के अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे होतं. पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये पहिला नंबर होता कॉर्नियाच्या पांढरेपणाचा, ३७.५ टक्के. मोतीबिंदू म्हातारपणाची वाट बघतो. फूल कमावत्या वयात पडतं.

मोतीबिंदूच्या शिबिराची गाडी चिमूरलाही येते, भिंतीवर पोस्टर लागतं, लोक नावं नोंदवतात. फुलाचं शिबिर मी कधी पाहिलं नाही. तसं शिबिर घेताही येणार नाही, कारण फूल पडायचं की नाही हे ज्या थोड्या तासांत ठरतं, त्या तासांत माणूस कुठल्याही रांगेत उभा नसतो. तो शेतात असतो. हे मला उशिरा कळलं, आणि कळलं ते माझ्या मोठाईच्या डोळ्यामुळे.

*

‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.’ ही म्हण आपण इतक्यांदा वापरतो की कुसळ ही खरी वस्तू आहे, हे विसरून जातो. गवताच्या, धान्याच्या टोकाला असलेला तो बारीक, काटेरी केस. ज्या कोणी ही म्हण पहिल्यांदा वापरली त्याने मळणीच्या खळ्यावर डोळे चोळणारी माणसं पाहिली असणार.

चिमूर तालुक्यात सोयाबीन आहे, कापूस आहे; पण पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे सरकत गेलं की सगळा धानाचा मुलूख लागतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ इथलाच. त्या काळी सगळ्यांच्या हातावर ज्या घड्याळाची हौस होती, त्याचं नाव या धानाला मिळालं. या मुलखात पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या आसपास कापणी. मग बांधीतले भारे उचलायचे, पुंजणे घालायचे, यंत्रावर मळणी करायची. धानाच्या पानाची कड करवतीसारखी असते. तुसात वाळूचंच द्रव्य, सिलिका, भरलेलं असतं. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हे सगळं दिवसभर उडत राहतं.

आणि ज्याच्यावर ते आदळतं त्या कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. लागणारा प्राणवायू ती बाहेरच्या हवेतून घेते. मज्जातंतू मात्र इतके दाट की शरीराच्या सर्वांत हळव्या जागांमध्ये तिची गणना होते. सगळ्यात वरचा थर शाबूत असेपर्यंत सहसा कुठलाही जंतू आत शिरू शकत नाही. तो थर खरचटला तर एक-दोन दिवसांत स्वतःहून भरूनही येतो. प्रश्न त्या मधल्या वेळेचा असतो. दार उघडं असताना आत काय शिरलं, यावर पुढचं आयुष्य ठरतं. शेतातल्या काडीसोबत, पानासोबत बुरशी येते. फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस ही त्यांतली नेहमीची नावं.

मोठाई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मळणीवर असताना तिच्या उजव्या डोळ्यात काहीतरी उडालं. तिने पदराचं टोक फुंकरून गरम केलं, डोळ्याला लावलं, पाणी मारलं. रात्रभर डोळा टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कारण मळणी दुसऱ्याच्या शेतावर होती आणि मजुरी धानात मिळायची होती. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. चौथ्या दिवशी कोणीतरी औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणून दिली. थेंबांनी लाली उतरली, दुखणं कमी झालं, आणि घरातल्या सगळ्यांनी हुश्श केलं. आठवड्याभराने बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. तिला नागपूरच्या एका दवाखान्यात आणलं तेव्हा दहावा दिवस होता. मी तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणून कागद धरून रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे आलं.

त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड सूज उतरवतं, म्हणजे शरीराचा प्रतिकार थोपवतं. आत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. डॉक्टरांनी बाटली बघितली, काही न बोलता बाजूला ठेवली आणि कॉर्निया खरवडून काचपट्टीवर घेतला.

*

मी आता पुण्यात एका कंपनीत काम करते. कारखान्यातून येणाऱ्या सुट्या भागांचे फोटो बघून त्यांवरचे चरे ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. या कामात पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट अशी, की सगळ्यात कठीण चरा काचेवरचा. धातूवरचा ओरखडा दिसतो; पारदर्शक वस्तूवरचा समोरून उजेड टाकला तर नाहीसा होतो. उजेड बाजूने, बारीक पट्टीसारखा टाकावा लागतो. धातूत केसासारखी भेग असेल तर आणखी एक युक्ती करतात. चमकणारा रंग ओततात, पुसून टाकतात आणि विशिष्ट दिव्याखाली बघतात. भेगेत मुरलेला रंग तेवढा चमकतो.

मोठाईसोबत बसून मी या दोन्ही गोष्टी आधीच पाहिल्या होत्या, फक्त तेव्हा त्यांचा अर्थ माहीत नव्हता. हनुवटी टेकवून बसायच्या त्या यंत्राला स्लिट लॅम्प म्हणतात. स्वीडनच्या अलवार गुलस्ट्रँड यांनी १९११ साली तो दाखवला. त्याच वर्षी त्यांना डोळ्यातल्या प्रकाशाच्या गणितासाठी नोबेल मिळालं. उजेडाची उभी फट डोळ्यावर तिरकी टाकली की पारदर्शक कॉर्नियाचा जणू काप दिसतो. वण किती खोल आहे ते त्यात कळतं. दुसरी वस्तू म्हणजे फ्लुरोसीनची केशरी कागदी पट्टी. ती पापणीला टेकवली की रंग अश्रूंत पसरतो आणि निळ्या उजेडात, जिथे वरचा थर गेलेला आहे तेवढीच जागा हिरवी उजळते. मोठाईचा डोळा त्या उजेडात मी एकदा पाहिला. हिरव्या डागाची कड पिसासारखी पसरलेली होती.

या क्षेत्रात फोटोंचा इतिहास जुना आहे. १८८० साली अंतोनियो प्लासिदो या पोर्तुगीज डॉक्टरांनी काळी-पांढरी वर्तुळं रंगवलेली एक तबकडी केली. ती डोळ्यासमोर धरली की वर्तुळांचं प्रतिबिंब कॉर्नियावर पडतं. कॉर्निया कुठे वाकडा असेल तिथे वर्तुळ वाकडं होतं. कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या आजच्या अनेक महागड्या यंत्रांत हीच वर्तुळं आहेत. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि बंगळुरूच्या शंकरा नेत्र रुग्णालयातल्या लोकांनी त्याची मोबाइलवर बसणारी आवृत्ती केली. प्रिंटरवर छापलेला एक प्लॅस्टिकचा शंकू, त्यात वर्तुळं, मागे फोनचा कॅमेरा. कॉर्निया हळूहळू शंकूसारखा पुढे येण्याचा जो आजार असतो, तो त्यातून ओळखता यावा अशी कल्पना. मी तो लेख वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. आपल्या धंद्यातलं कोणीतरी आपल्या गावाच्या कामाचं काहीतरी करतंय, असं वाटलं.

मग मी जंतुसंसर्गाबद्दल वाचत गेले. मोठाईसारख्या डोळ्याचा नुसता फोटो बघून हा जिवाणू आहे की बुरशी, हे सांगता येतं का? २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात कॉर्नियाच्या तज्ज्ञांना असे फोटो दाखवले गेले. त्यांचं उत्तर ६६ टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के येतं. दहा वर्षांनी, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातले फोटो वापरून शिकवलेल्या संगणकीय प्रणालीने हेच काम तज्ज्ञांपेक्षा बरं केलं. इंजिनिअर म्हणून मला या निकालाचं कौतुक आहे. चिमूरची म्हणून माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. फोटो कितव्या दिवशी काढलेला?

माझं सॉफ्टवेअर पट्ट्यावरून समोर आलेल्या प्रत्येक भागाचा फोटो बघतं. एकही सुटत नाही. मोठाईचा डोळा मात्र दहाव्या दिवशी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला. तोपर्यंत बुरशी खोल गेली होती. शिवाय बुरशी ओळखायला त्या दिवशीही हुशार यंत्र लागलं नाही. खरवडून घेतलेल्या नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, पेशी विरघळल्या, बुरशीच्या फांद्या उरल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक पुरला. डॉक्टरांनी मलाही बघू दिलं. पानगळीनंतरच्या झाडाच्या काड्या असाव्यात, तशा त्या दिसत होत्या.

*

औषध म्हणून जे मिळालं ते दुधासारखं पांढरं होतं. नाटामायसिन. बाटली हलवून हलवून, जागेपणी दर तासाला एक थेंब. मी मोबाइलमध्ये तासातासाचे गजर लावून दिले होते. मोठाई म्हणायची, ‘हे त लेकरू पाजनं झालं व माय.’

या औषधाची गोष्ट मला फार आवडते. १९५५ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळालं. त्याच्या नावातलं ‘नाटा’ तिथलंच. चीजला बुरशी लागू नये म्हणूनही ते वापरतात. शेतातल्या मातीतून डोळ्यात आलेल्या बुरशीला दुसऱ्या मुलखातल्या मातीतून आलेलं औषध. पुढे व्होरिकोनाझोल नावाचं नवं, महाग औषध आलं. प्रयोगशाळेत ते चांगलं वाटत होतं, कॉर्नियात खोल शिरत होतं, आणि जगभरचे डॉक्टर तिकडे वळू लागले होते. मग दक्षिण भारतातल्या अरविंद रुग्णालयांत डॉ. वेंकटेश प्रज्ञा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सहकाऱ्यांनी दोन्ही औषधांची समोरासमोर चाचणी घेतली. बुरशीचा संसर्ग सिद्ध झालेले ३२३ रुग्ण, चिठ्ठी टाकून ठरवावं तसं कोणाला कोणतं औषध ते ठरलेलं, आणि ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. २०१३ मध्ये निकाल छापला गेला. जुनं, स्वस्त नाटामायसिन सरस ठरलं, फ्युजेरियमच्या बाबतीत तर बरंच. फरक इतका स्पष्ट होता की नवे रुग्ण घेणं ठरल्या आकड्याच्या आधीच थांबवलं गेलं. २०१७ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं.

त्या ३२३ जणांची नावं कुठे छापलेली नाहीत. पण अशा रुग्णालयांत हा आजार घेऊन येणारे बहुतेक शेतात राबणारेच असतात. बुरशीने सडणाऱ्या डोळ्यांवर जगाने काय घालावं, हे त्यांच्या डोळ्यांवरून ठरलं. वैद्यकीय संशोधन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पांढरा डगला आणि काचेच्या नळ्या यायच्या. आता धानाचा भारा खाली ठेवून, कागदावर अंगठा उमटवणारा हात येतो.

मोठाईचा डोळा वाचला, म्हणजे फुटला नाही, काढावा लागला नाही. तीन महिन्यांनी जखम भरली. बरोबर बाहुलीसमोर फूल राहिलं.

*

‘बदलता येतो का?’ हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने डॉक्टरांना विचारला. येतो. माणसाच्या शरीरात सर्वांत आधी यशस्वी झालेल्या प्रत्यारोपणांपैकी हे एक. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी अलोइस ग्लोगार नावाच्या मजुराच्या डोळ्यांवर ते केलं. कॉर्निया घेतला होता एका अकरा वर्षांच्या मुलाच्या, जखमेमुळे काढाव्या लागलेल्या डोळ्यातून. ग्लोगारच्या एका डोळ्यातला तुकडा टिकला आणि तो कामावर परतला. त्याचे डोळे गेले होते चुन्याने.

हे वाचताना मी थांबले, कारण आमच्याकडे चुना प्रत्येक खिशात असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा कसा घोटतात ते वेगळं सांगायला नको: सुपारी, तंबाखू, वरून चुना, आणि पन्नीत घासणं. खर्ऱ्याविरुद्ध बोलताना आपण तोंडाच्या कर्करोगाचं बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण चुन्याची पुडी घरात कुठेही पडलेली असते, पोरं ती दाबून बघतात, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी चुन्याच्या पुड्यांनी झालेल्या अशा इजांवर २००६ मध्येच लिहून ठेवलं आहे. चुना आम्लापेक्षा वाईट. तो आत आत जात राहतो आणि कॉर्नियाच्या कडेला असलेल्या, नवा थर बनवणाऱ्या पेशीच जाळतो. अशा डोळ्यावर नुसता कॉर्निया बदलून भागत नाही. त्यासाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान यांनी एक सोपी रीत बसवली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे, बाळंतपणात वारेसोबत येणाऱ्या पातळ पडद्यावर ते रोपासारखे लावायचे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला रोवणीच आठवली. पण त्याहूनही सोपी गोष्ट अशी, की चुना उडाल्याबरोबर, कोणाला विचारत न बसता, नळाखाली भरपूर वेळ डोळा धुवायचा आणि मग दवाखाना गाठायचा. इथे तास नाही, मिनिटं मोजायची असतात.

मोठाईला डॉक्टरांनी नीट समजावलं. वणात रक्तवाहिन्या शिरल्या आहेत, म्हणून शरीराने नवा कॉर्निया नाकारण्याचा धोका जास्त. टाके महिनोन्‌महिने राहतील. थेंब वर्षानुवर्षं. डोळा लाल झाला तर त्याच दिवशी यायचं, उद्या नाही. चिमूर-नागपूर अंतर शंभरेक किलोमीटर. मोठाईने सगळं ऐकून विचारलं, ‘कोनाचा असते थो डोरा?’

मरणानंतर साधारण सहा तासांत नेत्रपेढीच्या माणसाने पोचून कॉर्निया काढावा लागतो. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञालाही ते करता येतं, डॉक्टरच हवा असं नाही. साध्या साठवण-द्रवात तो थंड ठेवला तर चार दिवस टिकतो. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हातारपण, यांपैकी कशाचीच सहसा अडचण नसते. मी हे तिला माझ्या परीने सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मले एक त हाय. ज्याले दोनी नाई त्याले द्या मनाव.’ आणि थोड्या वेळाने, ‘माहाबी घेतीन का? फुलाचा नोको, दुसरा.’

तिने फॉर्म भरला आहे. फॉर्मने फारसं काही होत नाही. त्या वेळी घरातल्या कोणीतरी रडणं बाजूला ठेवून फोन करावा लागतो, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाची गाडी सहा तासांत पोचावी लागते. आमच्या घरात तो फोन मी करायचा, असं ठरलंय. या ठरावाबद्दल आम्ही फार बोलत नाही.

*

चिमूरहून पश्चिमेला वरोऱ्याला गेलं की आनंदवन लागतं. कुष्ठरोगाने डोळे का जातात, हे मला तिथे नाही, पुस्तकांत कळलं, पण आनंदवन शेजारी असल्याने ते दूरचं वाटलं नाही. कुष्ठरोगात कॉर्नियाची संवेदना जाते आणि पापणी मिटवणारा स्नायू लुळा पडतो. कचरा गेला तरी कळत नाही, डोळा उघडाच राहतो, सुकतो, खरचटतो, आणि न दुखता फूल पडतं. वेदना किती मोठी राखण आहे ते अशा डोळ्यांवरून कळतं.

मोठाईचा डोळा पहिल्या रात्रीपासून ओरडत होता. शरीराने आपलं काम चोख केलं होतं. ऐकणारं कोणी नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशीची मजुरी होती, आणि डोळ्यात काहीतरी जाणं ही मळणीच्या दिवसांत बातमी नसते.

नेपाळमध्ये भक्तपूरला डॉ. मदन उपाध्याय यांनी नेमकं इथून काम सुरू केलं. ३४,९०२ लोकवस्तीत गावातल्याच माणसांना शिकवलं. डोळ्याला लागलं असं कोणी म्हटलं की फ्लुरोसीनची पट्टी लावून बघायचं, हिरवं दिसलं तर क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम तीन दिवस. २००१ मध्ये छापलेले आकडे असे: खरचटलेल्या ४४२ जणांवर उपचार झाले, ४२४ जण संसर्गाशिवाय बरे झाले. आणि इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत जे आले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. एकालाही नाही. उशीर झाला तसतसं प्रमाण वाढत गेलं. मदुराईजवळच्या गावांतही पुढे असाच प्रयोग झाला आणि चांगला निकाल आला.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण नेपाळमध्येच नंतर आणखी मोठी, काटेकोर चाचणी झाली. काही गावांत प्रशिक्षित आरोग्य स्वयंसेविका, काही गावांत नाहीत, अशी तुलना. २०२२ मध्ये आलेल्या निकालात दोन्हीकडच्या व्रणांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मला हे वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मलम देणारी बाई गावात असणं आणि लागलेल्या माणसाने त्याच संध्याकाळी तिच्या दारात जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा मी त्याचा अर्थ लावते. मोठाईच्या घराजवळ त्या रात्री अशी बाई असती, तरी ती गेली असती का? दुसऱ्या दिवशी धान मिळायचं होतं.

म्हणून माझ्या मते पहिली जागा दवाखाना नाही, खळं आहे. मळणी यंत्र ज्याचं, त्याने यंत्रासोबत साधे प्लॅस्टिकचे चष्मे आणावेत. ताडपत्री आणतो तसे. कापणी-मळणीच्या त्या दोन महिन्यांत आशाताईच्या पिशवीत केशरी पट्ट्या आणि निळ्या उजेडाची बॅटरी असावी. डोळ्याला लागलेल्याची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडू नये. औषधाच्या दुकानात लाल डोळ्याला स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. यांतलं शेवटचं तर नियमांत आधीपासून आहे. फोटोवरून बुरशी ओळखणारं सॉफ्टवेअरही हवं, आणि ते लिहायला मला आवडेल. पण त्याच्यासमोर पहिल्या दिवशीचा डोळा आला तरच त्याचा उपयोग.

मोठाई अजून मळणीला जाते. आता तिचं एक काम वाढलंय. संध्याकाळी परतताना कोणी डोळा चोळताना दिसलं की ती त्याला थांबवते, चांगला डोळा तळहाताने झाकायला लावते आणि स्वतःची बोटं समोर धरते. बोटं धूसर दिसली, किंवा उजेडाकडे बघवत नसेल, तर ती सरळ सांगते की उद्या कामावर यायचं नाही, सकाळच्या एसटीने जायचं. काही जण ऐकतात. न ऐकणाऱ्यांना ती आपला उजवा डोळा जवळ नेऊन दाखवते.